थँक्सगिव्हिंगच्या टर्कीसोबत कुठली वाइन? बजेट १२० डॉलर

एडिसनकर:

मंडळी, यंदा थँक्सगिव्हिंगचं जेवण आमच्याकडे, न्यू जर्सीत आहे. मोठी माणसं १४, त्यातली ९ वाइन घेणारी, ४ जण शाकाहारी. शिवाय पोरंटोरं. अर्धे पाहुणे ऑफिसातले अमेरिकन, अर्धे आपले.

बेत असा: १४ पाउंडाची आख्खी टर्की, आदल्या दिवशी मीठ चोळून, लोणी आणि सेज (उग्र वासाचा पाला) लावून ओव्हनमध्ये. वेगळं एक टर्की ब्रेस्ट दही, आलं-लसूण, तिखट आणि गरम मसाला लावून. स्टफिंग, मॅश्ड पोटॅटो, ग्रेव्ही, क्रॅनबेरी सॉस, वर मार्शमेलो लावलेलं रताळ्याचं कॅसरोल. शाकाहारींसाठी भरली वांगी. सुरुवातीला कोथिंबीर वडी आणि चीज, शेवटी पंपकिन पाय (भोपळ्याचं गोड सारण भरलेला पाय).

वाइनचं बजेट टॅक्स धरून १२० डॉलर. दुकानात गेलं की कॅबर्नेची (जड, तुरट लाल वाइन) भिंत दिसते आणि डोकं चालेनासं होतं. किती बाटल्या घ्याव्यात, कुठल्या घ्याव्यात, आणि मसाला ब्रेस्टचं काय करावं? दुकानात दाखवता येतील अशी नावं सांगा, "फुलांचा दरवळ" वगैरे नको.

द्राक्षवेल:

या ताटात टर्कीकडे बघून वाइन निवडू नका. टर्कीला स्वतःची चव बेताचीच असते, तिच्याबरोबर काहीही खपतं. गोची करतात ते बाकीचे पदार्थ. क्रॅनबेरी सॉस गोड-आंबट, रताळं जेवणातच मिठाईइतकं गोड, ग्रेव्ही खारट, स्टफिंगमध्ये सेजचा उग्र वास. हे सगळं एकाच वेळी एकाच ताटात, आणि लोक घासागणिक एकातून दुसऱ्यात जातात. त्यामुळे कुठल्याही एका पदार्थाशी अचूक जुळणारी वाइन शोधण्यात अर्थ नाही. कशाशीच भांडणार नाही अशी शोधायची.

भांडण कुठे होतं ते लक्षात ठेवलं की निवड सोपी होते. गोड घास खाऊन एकदम कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाइन प्यायली तर तीच वाइन आंबट आणि कडवट लागते, कारण जीभ आधीच साखरेला सरावलेली असते. म्हणून वाइनमध्ये फळाची चव भरपूर हवी, किंचित गोडी असली तर आणखी बरं. दुसरं, टॅनिन. चहा जास्त उकळल्यावर जीभ आवळते, तोच हा तुरटपणा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि तोंड कोरडं पडतं. स्टेक किंवा मटणाची चरबी आणि रस त्याला तोलून धरतात, पण टर्कीच्या ब्रेस्टमध्ये चरबी नाहीच, आणि १६५ फॅरनहाइटच्या पुढे गेलं की ते स्वतःच कोरडं होतं. त्यावर कॅबर्ने म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. ओकच्या पिंपाचा जड वास आणि १४.५ टक्क्यांच्या वरचं अल्कोहोलही टाळा, कारण मीठ आणि तिखट दोन्हींवर अल्कोहोल झोंबतं.

थोडक्यात आंबटपणा चांगला, टॅनिन कमी, ओक कमी, अल्कोहोल ११ ते १३.५ टक्के. सुदैवाने अशा वाइन स्वस्तच असतात, कारण त्यांच्यासाठी नवी पिंपं लागत नाहीत की वर्षानुवर्षं तळघरात ठेवायला लागत नाहीत.

आता हिशोब. ७५० मिलिची बाटली म्हणजे १५० मिलिचे ५ ग्लास. थँक्सगिव्हिंगचं जेवण दुपारी सुरू होऊन संध्याकाळपर्यंत रेंगाळतं, तेव्हा माणशी ४ ग्लास धरा. ९ गुणिले ४ म्हणजे ३६ ग्लास, म्हणजे ७ बाटल्या आणि वर एक ग्लास. ८ घ्या. पाहुणे हात हलवत येणार नाहीत, एक-दोन बाटल्या आणतीलच, तोच तुमचा राखीव साठा.

रीझलिंग, पांढरी, ३ बाटल्या. वॉशिंग्टन राज्यातली शातो सेंट मिशेलची कोलंबिया व्हॅली रीझलिंग जवळजवळ सगळीकडे मिळते, १० डॉलरच्या आसपास. हिच्या शेजारीच "ड्राय रीझलिंग" लिहिलेली त्यांचीच दुसरी बाटली असते. ती नको, साधी घ्या, तिच्यात किंचित गोडी आहे. दुसरी कुठली घेतली तर मागच्या लेबलावर आडवी पट्टी बघा. बऱ्याच रीझलिंगवर ड्रायपासून स्वीटपर्यंत चार टप्पे आणि एक खूण असते. खूण "मिडियम ड्राय"वर असली की डोळे मिटून घ्या. पट्टी नसेल तर अल्कोहोलचा आकडा वाचा. ८-९ टक्के म्हणजे बरीच गोड, ११-१२ म्हणजे अर्धवट गोड, १२.५ च्या पुढे बहुधा कोरडी. जर्मन बाटलीवर "ट्रोकन" म्हणजे कोरडी, "काबिनेट" म्हणजे हलकी आणि सहसा थोडी गोडसर.

बोजोले-व्हिलाज, ३ बाटल्या, १५ डॉलरच्या आत. लाल, गामे द्राक्षाची, टॅनिन अगदी कमी. क्रॅनबेरी सॉसशेजारी न बिघडणाऱ्या लाल वाइन फार नाहीत, त्यातली ही एक.

कावा, २ बाटल्या, ११ डॉलरच्या. स्पेनची बुडबुड्यांची वाइन, शॅम्पेनच्याच पद्धतीने बाटलीत आंबवलेली. कोथिंबीर वडीसारख्या तळलेल्या पदार्थावर बुडबुडे आणि आंबटपणा तेल धुऊन काढतात.

एक मोस्काटो द'आस्ती पायसाठी, गोड पांढरी, १४ डॉलरपर्यंत. अल्कोहोल ५ टक्क्यांच्या आसपास, तेव्हा इतक्या लांबलेल्या जेवणाच्या शेवटी डोक्यावर बसत नाही. गोड पदार्थाबरोबरची वाइन पदार्थाहून गोड हवी, नाहीतर ती पाण्यासारखी लागते. म्हणून उरलेली लाल वाइन पायबरोबर देऊ नका, दोन्ही वाया जातात.

बेरीज १११ डॉलर. न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स धरून ११८ डॉलर आणि काही सेंट. बऱ्याच दुकानांत ६ किंवा १२ बाटल्या मिळून १० टक्के सूट असते, वेगवेगळ्या बाटल्या एकत्र केल्या तरी चालतं. काउंटरवर विचारा, स्वतःहून सांगतीलच असं नाही.

खलबत्ता:

द्राक्षवेल यांच्या यादीशी बव्हंशी सहमत, पण मसाला ब्रेस्टचा मुद्दा राहिला, आणि तिथे कावा चालणार नाही.

तिखटातलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या नसांना चेतवतं, त्यांनाच अल्कोहोलही चेतवतं. म्हणून तिखट घासावर १४-१५ टक्क्यांची वाइन आग भडकवते. बुडबुडेही जिभेला टोचतात, तेव्हा एकदम कोरडी ब्रूट कावा आणि लाल तिखट ही जोडी कागदावर थंडगार वाटते आणि तोंडात झोंबते. तिखट शमवणाऱ्या गोष्टी तीन: साखर, गारवा, कमी अल्कोहोल. म्हणजे मसाला ब्रेस्टला रीझलिंगच, आणि तीही चांगली गार. मी असतो तर रीझलिंग ३ ऐवजी ४ केल्या असत्या आणि बोजोले २. आपल्या पाहुण्यांत लालच हवी म्हणणारे निघतात हे मान्य, पण रीझलिंग एकदा मसाल्याबरोबर घेतली की तेही तिकडे सरकतात.

मसाल्यातही फरक करा. तिखटपणा वेगळा आणि मसाल्याचा सुगंध वेगळा. दालचिनी, लवंग, वेलची, आलं यांचं वाइनशी वैर नाही, उलट गेव्युर्त्सट्रामिनरसारख्या सुगंधी पांढऱ्या वाइनबरोबर छान जमतात. अडचण फक्त मिरचीची. तेव्हा ब्रेस्टच्या मॅरिनेडमध्ये तिखटाच्या जागी काश्मिरी मिरची वापरा, रंग तोच येईल आणि जाळ निम्मा होईल. दह्याचा आंबटपणा आहेच, म्हणजे वाइनलाही तितका आंबटपणा हवा. म्हणूनच ओकमध्ये मुरलेली लोण्यासारखी पांढरी शार्डोने या ब्रेस्टबरोबर पिचपिचीत लागेल. मॅश्ड पोटॅटोबरोबर तीच शार्डोने झकास, पण नुसत्या बटाट्यासाठी कोण बाटली उघडणार!

भरली वांगी तिखट नसून गोडसर-खमंग असतील, म्हणजे दाण्याचं कूट, खोबरं, गोडा मसाला, थोडा गूळ, तर बोजोले चालेलच. पण त्याहून फ्रान्सची लाल कोत द्यु रोन चांगली, ग्रेनाश द्राक्षाची. १२-१३ डॉलरला मिळते. गोड्या मसाल्यातल्या दगडफूल-लवंगेला ती जवळची. तीच स्पेनमध्ये गार्नाचा, कालातायुद किंवा काम्पो दे बोर्हा लिहिलेली बाटली १० डॉलरच्या आतही सापडते. फक्त अल्कोहोल बघून घ्या, ग्रेनाश १४.५ पर्यंत सहज जाते. आणि अमेरिकेत लेबलावरच्या आकड्याला कायद्याने सूट आहे. १४ टक्क्यांपर्यंत दीड टक्का इकडेतिकडे, त्यावर एक टक्का. म्हणजे १४.५ लिहिलेली बाटली खरी १५.५ ची असू शकते.

स्वयंपाकाच्या बाजूने दोन फेरफार, फुकटचे. क्रॅनबेरी सॉसची पाकिटावरची कृती १२ औंस फळाला एक कप साखर सांगते. पाऊण कप घाला, सॉस तरीही गोठतो आणि वाइन सुटते. मार्शमेलो अख्ख्या कॅसरोलवर न पसरता अर्ध्यावर लावा, पोरं त्या बाजूने खातील.

एडिसनकर:

भारी माहिती. तीन शंका. एक, दुकानात बोजोले नुवोचे ढीग लागलेत, तीच बोजोले का? दोन, सगळीकडे टर्कीला पिनो न्वार ही लाल वाइन सांगतात, ती यादीत का नाही? तीन, फ्रिजमध्ये टर्की, पाय आणि दुनियाभरचे डबे, बाटल्या गार कुठे करू?

बेएरियावाली:

नुवो वेगळी. त्याच भागातली, त्याच गामेची, पण त्याच वर्षीच्या द्राक्षांची, काढणीनंतर दोन-अडीच महिन्यांत बाजारात आलेली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी ती जगभर सुटते, थँक्सगिव्हिंग चौथ्या गुरुवारी. आठवडाभराचं अंतर, म्हणून दुकानदार दारातच ढीग लावतात. आख्खे घड बंद टाकीत कार्बन डायऑक्साइडमध्ये आंबवतात, त्यामुळे टॅनिन जवळपास उतरतच नाही, आणि केळ्याचा किंवा रावळगावच्या गोळीसारखा वास येतो. वाईट नाही, टर्कीबरोबर निभावते, पण १३-१४ डॉलरमधला बराच पैसा विमानाच्या भाड्याचा असतो. त्याच किमतीत आदल्या वर्षीची बोजोले-व्हिलाज घ्या, ती जहाजाने आलेली असते आणि चवीला भरीव. मजा म्हणून नुवोची एक बाटली ठेवायची तर ठेवा. मात्र गेल्या वर्षीची नुवो सवलतीत दिसली तर हात लावू नका, ती मुरण्यासाठी बनवलेलीच नसते.

बजेट थोडं वर सरकलं तर बाटलीवर मोर्गों, फ्लेरी, ब्रुई, ज्युलिएना अशी गावांची नावं बघा. अशी दहा गावं आहेत, त्यांची वाइन सगळ्यात वरची, आणि मोठ्या अक्षरांत फक्त गावाचं नाव असतं. "बोजोले" शब्द शोधत बसलात तर चुकाल. २० डॉलरच्या पुढे जातात. मुलँ-आ-व्हाँ त्यातली सगळ्यात दणकट, ती या ताटाला नको.

पिनो न्वार उत्तमच लागते, पण १२ डॉलरच्या आतली नव्हे. हे द्राक्ष पातळ सालीचं, नाजूक, एकरी उत्पन्न कमी. स्वस्तात करायचं तर गरम खोऱ्यातली भरपूर पिकवलेली द्राक्षं घ्यावी लागतात. शिवाय अमेरिकेत लेबलावर द्राक्षाचं नाव टाकायला ७५ टक्के पुरतात, उरलेल्या २५ टक्क्यांत सिरा किंवा आणखी काही गडद घालून रंग आणला जातो. ती गोडसर, जाड, जॅमसारखी लागते, पिनोचा आंबटपणा हरवलेला. ऑरेगनमध्ये पिनोसाठी ९० टक्क्यांचा नियम आहे, म्हणून विलामेट व्हॅली लिहिलेली घेतलेली बरी, पण ती बहुधा २० डॉलरच्या आसपास किंवा वर. १५ डॉलरची बरी पिनो शोधण्यापेक्षा १५ डॉलरची चांगली गामे मिळणं सोपं.

इटलीची बार्बेरा द'आस्ती याच कामाची, आंबटपणा भरपूर आणि टॅनिन नावाला, १३ ते १६ डॉलर. कोरडी लाँब्रुस्कोही, लाल आणि बुडबुडेवाली, ११ टक्क्यांच्या आसपास. फक्त लेबलावर "सेक्को" बघून घ्या, "दोल्चे" आणि "आमाबिले" गोड असतात. लाल बुडबुडे बघून पाहुणे आधी नाक मुरडतील.

झिनफांडेल "अमेरिकन सणाला अमेरिकन द्राक्ष" म्हणून गळ्यात मारतात. मूळ द्राक्ष क्रोएशियाचं आहे, इटलीत तेच प्रिमिटिव्हो. मुद्दा अल्कोहोलचा, झिन १५ टक्के सर्रास असते. मसाला ब्रेस्टशेजारी नको. पाहुण्याने आणलीच तर टर्कीच्या तंगडीचं गडद मांस आणि नंतरचं चीज यांच्याबरोबर उघडा. कॅबर्नेचंही तेच, नाहीतर मटणाच्या दिवसासाठी ठेवून द्या. आणलेली बाटली त्याच दिवशी उघडलीच पाहिजे असा काही दंडक नाही.

द्राक्षवेल:

खलबत्ता, ४ रीझलिंग आणि २ बोजोले पटतंय. खर्चही ५ डॉलरने कमी. कावाबद्दल मात्र: ती कोथिंबीर वडीबरोबर आणि मीठ लावलेल्या चीजबरोबर संपवायची, मुख्य ताटापर्यंत नेऊ नका. वडी तिखट असेल तर कावाऐवजी "एक्स्ट्रा ड्राय" प्रोसेको (इटलीची बुडबुडेवाली) घ्या. नावावर जाऊ नका, एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा गोड असते. ब्रूटमध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपर्यंत साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७.

आता फ्रिज. सणाच्या दिवशी खरा घोळ इथेच होतो, आणि बाटलीवर पाच डॉलर जास्त घातल्याने तो सुटत नाही. गरम घरात, ओव्हन चार-पाच तास चालू असताना, काउंटरवर ठेवलेली लाल वाइन २४-२५ अंशांवर जाते. मग फळाची चव दबते आणि नुसतं अल्कोहोल नाकात शिरतं. उलट फ्रिजमधून थेट काढलेली रीझलिंग ४ अंशांवर असते, तिची चवच कळत नाही. (सगळे अंश सेल्सिअस.) कावा ६ ते ८, रीझलिंग ८ ते १०, बोजोले १३ ते १५. म्हणजे लाल वाइनही किंचित गार द्यायची, यावर आपल्याकडे फार वाद होतात.

फ्रिज भरलेला असेल तर मोठा कूलर घ्या, सहलीला नेतो तो. अर्धा बर्फ, अर्धं पाणी, मूठभर मीठ. नुसत्या बर्फात बाटली उभी केली तर मध्ये हवा राहते आणि गार व्हायला दुप्पट वेळ लागतो. पाणी घातलं की खोलीच्या तापमानाची बाटली १५ ते २० मिनिटांत रीझलिंगजोगी होते, कावाला अर्धा तास. बोजोलेला १० मिनिटं पुरतात, मग बाहेर काढून पुसून टेबलावर. फ्रिजमध्ये हेच काम दोन तासांहून जास्त घेतं. लेबलं ओली होऊन सुटतात, त्याला इलाज नाही. कापसाचं जुनं फडकं जवळ ठेवा.

न्यू जर्सीत नोव्हेंबरअखेर गॅरेज हा फुकटचा फ्रिज आहे. आदल्या रात्री सगळ्या बाटल्या तिथे ठेवल्या तर सकाळी रीझलिंग जवळपास तयार असते. रात्री पारा शून्याच्या बराच खाली जाणार असेल तर बाहेरच्या डेकवर ठेवू नका. १२ टक्क्यांची वाइन उणे ५-६ अंशांच्या सुमारास गोठायला लागते, आणि गोठताना फुगून बूच वर ढकलते. फ्रीझरमध्ये ठेवाल तर गजर लावा, २५ मिनिटं. कावा फ्रीझरमध्ये अजिबात नको, बाटली फुटते.

कावा उघडताना तारेची जाळी सहा अर्धे वळसे फिरवून सैल करा, पण काढू नका. अंगठा बुचावरून हलवू नका. बाटली तिरकी धरा, बूच घट्ट धरून बाटली फिरवा, हळूच "फुस्स" असा आवाज यायला हवा. मोठा फटाका वाजला तर त्यात पहिला ग्लास जमिनीवर गेला.

आणि बूचवाली कुठलीही बाटली पाहुण्यांच्या आधी स्वतः हुंगा. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा तळघराचा वास आला तर बूच खराब आहे. विषारी नाही, पण कुणाला देऊ नका. बूच परत लावून पावतीसह दुकानात न्या, बरीच दुकानं बदलून देतात. स्क्रूकॅपवाल्या रीझलिंगला ही कटकट सहसा नाही.

खरेदी बुधवारवर टाकू नका. न्यू जर्सीत एका मालकाला किरकोळ दारूविक्रीचे दोनच परवाने मिळतात, म्हणून बहुतेक सुपरमार्केटांत वाइन नसते आणि सगळी गर्दी लिकर स्टोअरवर. धागा वाचणाऱ्या बॉस्टनकरांसाठी: मॅसॅच्युसेट्समध्ये थँक्सगिव्हिंगच्या दिवशी दारूची दुकानं कायद्यानेच बंद असतात.

शेंगदाणा:

शाकाहारींची गोष्ट कुणी काढली नाही. वाइन गाळून स्वच्छ करताना अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसिन, जिलेटिन किंवा माशाच्या पोटातून काढलेलं आयसिनग्लास वापरण्याची पद्धत आहे. ते गाळाबरोबर तळाशी बसतं आणि काढून टाकतात, पण कडक शाकाहारी किंवा जैन पाहुण्यांना हे आधी माहीत हवं. अमेरिकेत ते लेबलावर लिहिण्याची सक्ती नाही, म्हणून "व्हीगन" छापलेली बाटली शोधायची किंवा कंपनीच्या वेबसाइटवर बघायचं. पांढऱ्या वाइनमध्ये बेंटोनाइट नावाची माती वापरतात, तिथे प्रश्न नसतो, पण वाइन पांढरी आहे म्हणजे मातीच वापरली असेल असं धरून चालू नका.

आणि न पिणाऱ्या पाच जणांसाठी सायडर आणत असाल तर लेबल वाचा. अमेरिकेत नुसतं "सायडर" म्हणजे सफरचंदाचा रस, "हार्ड सायडर" म्हणजे ५ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. दोन्हींच्या बाटल्या-कॅन सारख्याच दिसतात. आजी-आजोबा किंवा पोरं चुकून दुसरी उचलतात. बुडबुडेवाली मार्टिनेलीज घेतली तर ती निव्वळ रस. तिची हिरवी बाटली शॅम्पेनसारखी दिसते, तेव्हा कावाच्या कूलरमध्ये ठेवू नका, वेगळी बादली करा.

कोथरूडकर:

हे सगळं पुण्यात ख्रिसमसला करायचं तर? टर्की नाही, आख्खी भाजलेली कोंबडी, पण बाकी ताट तसंच. इथे बोजोलेच्या किमतीत दोन वेळचं जेवण होतं.

खलबत्ता:

नाशिककडे वळा. रीझलिंगच्या जागी सुलाची शेनाँ ब्लाँ, तीही किंचित गोडसर आणि मसाल्याला चालणारी. सुलाची रीझलिंगही मिळते. शेनाँ ब्लाँ नाशिक भागात चांगली पिकते, तेव्हा इतर वायनरींचीही घ्यायला हरकत नाही, फक्त कोरडी आहे की गोडसर ते विचारून घ्या. लाल हवी असेल तर अकलूजच्या फ्रातेल्लीची सान्ज्योवेसे बघा. कोंबडी टर्कीपेक्षा रसदार असते, त्यामुळे थोडं जास्त टॅनिन खपतं. ओकमध्ये मुरवलेल्या "रिझर्व्ह" शिराझ मात्र या ताटाला जड.

नाशिकला द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जानेवारी ते मार्चमध्ये काढतात. म्हणजे डिसेंबरात हातात येणारी त्याच वर्षाची पांढरी वाइन नऊ-दहा महिन्यांची झालेली असते, अगदी पिण्याजोगी. दोन-तीन वर्षं जुनी स्वस्त पांढरी वाइन घेऊ नका. दुकानाच्या वरच्या फळीवर, दिव्याखाली, उन्हाळाभर उभी राहिलेली ती बाटली असते. रंग पिवळाधमक झालेला असेल किंवा बूच जरा वर आलेलं असेल तर शेजारची उचला.

गोव्याची पोर्ट आणली असेल तर ती जेवणात नको, खूप गोड असते. ख्रिसमस केकबरोबर ठेवा.

एडिसनकर:

उरलेलीचं काय? फेकायची का?

द्राक्षवेल:

बूच लावून सगळी फ्रिजमध्ये, लालसुद्धा. रीझलिंग आणि बोजोले तीन-चार दिवस, कावा स्टॉपर असेल तर दुसऱ्या दिवशीपर्यंत. बाटलीत निम्म्याहून कमी उरली असेल तर छोट्या बाटलीत काठोकाठ भरा, हवा जितकी कमी तितकी टिकते. ग्रेव्हीला वापरायची तर टर्की काढल्यावर भाजण्याच्या तव्यात कोरडी पांढरी किंवा शिल्लक कावा अर्धा कप घालून तळाचं खरवडा, निम्मी आटू द्या, मग पीठ आणि स्टॉक. गोड रीझलिंग त्यात नको. टर्कीला मीठ चोळलेलं आहे, तेव्हा ग्रेव्ही आटवण्याआधी चाखा आणि वरून मीठ शेवटीच घाला. सुपरमार्केटात "कुकिंग वाइन" म्हणून मिळते तिच्यात मीठ आधीच असतं, ती घेतली तर ग्रेव्ही खारट होणारच.